कापसाच्या गाडीवरची खाजकुइली

आईच्या अस्थी कौंडण्यपूरला वर्धा नदीत सोडून मी परतत होतो. तिवशापाशी एका म्हाताऱ्याने मला आपल्या कापसाच्या गाडीवर घेतलं. तेव्हा कापसाला सोन्याचा भाव होता आणि रस्त्यावरचा जो तो गाडीतून मूठभर ओढून पळे. म्हाताऱ्याच्या नातीचं लग्न याच कापसावर ठरलं होतं. म्हणून त्याने गाडीच्या कडेने खाजकुइलीच्या वाळक्या शेंगा बांधल्या होत्या.

"तिकडं टेकू नका, बापू. आंग सोलून काढान."

मी म्हणालो, "संस्कृतात हिला आत्मगुप्ता म्हणतात. म्हणजे स्वतःला राखणारी."

"सोताले?" बैलाची शेपटी पिरगाळत तो म्हणाला, "मंग माया कापूस कोन राखून राह्यलं?"

पुढे विहिरीपाशी एका धटिंगणाने मूठभर कापूस ओढलाच, आणि हात खाजवत नाचू लागला. म्हाताऱ्याने गाडी थांबवली, खाली उतरून बैलाचं ताजं शेण उचललं आणि त्याच्या हाताला चोळलं.

"चोराची सेवा?" मी विचारलं.

"चोरी त्याची, बापू. खाज त मीनंच लावली."

चोर ओशाळून कापूस परत देऊ लागला.

"राहू दे तुलेच, कुयली लागली त्या कापसाले. लग्नाले ये लेका, पन आंग धुवून ये."

आई गेल्यापासून मी हसलो नव्हतो. त्या दिवशी मात्र अमरावती येईपर्यंत हसत होतो.