यात गेलेलं मानूस हाये का?

आमच्या अमरावतीच्या चौकातला मोबाइलवाला स्क्रूड्रायव्हर कानावर खोचून बसतो. कोणाचाही फोन रिकामा करण्याआधी तो एकच विचारतो, "भाऊ, यात गेलेलं मानूस हाये का कोनी?"

मी मेळघाटातल्या गावी कायमचा राहायला निघालो होतो. तिथे रेंज नाही, म्हणून फोनमध्ये सिनेमे भरून घ्यायला त्याच्याकडे गेलो.

"जागा कमी पडून राहिली," तो म्हणाला.

"जुन्या चॅट उडव."

त्याने नेहमीचा प्रश्न विचारला. मला हसू आलं. "मी काय स्मशान घेऊन फिरतो खिशात? उडव!"

"पक्कं?"

"पक्कं."

बायकोला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. तिचे बोलून पाठवलेले सगळे निरोप त्या चॅटमध्येच होते, हे या शहाण्याला आठवलं गावी पोचल्यावर, तिसऱ्या सिनेमाच्या मध्यंतरात.

वेड्यासारखं फोन, त्यातलं मेमरी कार्ड, सगळं धुंडाळलं. ती गेल्याचं चौकात सगळ्यांना ठाऊक होतं; माझं 'पक्कं' त्याला पटलं नसावं. न सांगता त्याने तिचा एक निरोप कार्डात वेगळा ठेवला होता. चार सेकंदांचा.

"काहो, मी बोलून राहिली, तुमचं ध्यान कुठी हाये?"