बारा बाय नऊचा बुरणूस

लग्न होऊन घोडनदीला आले तेव्हा माझ्या पेटीत सातवी पासचा दाखला आणि शाळेतली लाकडी फूटपट्टी होती. दौंडला आमच्या मोहल्ल्यात सातवी झालेली मी एकटी. त्यामुळे पाय जमिनीला लागत नव्हते.

सासरी बुरणूस करायचा धंदा. बुरणूस म्हणजे लोकरीचं जाड अंथरूण, पण विणलेलं नव्हे. धनगरांकडून लोकर आणायची, तिच्यातली कुसळं वेचायची, पिंजायची, अंगणात चटईवर थर देऊन मांडायची, साबणाचं गरम पाणी शिंपडायचं, चटईसकट गुंडाळायचं आणि तुडवत राहायचं. दिवसभर तुडवलं की लोकर लोकरीला धरते. मग धुऊन वाळवायचं.

सासूबाई मला फक्त कुसळं वेचायला बसवायच्या. मांडणीला हात लावू देत नव्हत्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "पोराची बायकू हाय. अजून पाहुणीवानीच हाय." वर्ष झालं तरी मी पाहुणी. मला असा राग यायचा की कुसळं जरा जोरातच उपटायचे.

निमोण्याच्या आबांनी लेकीच्या सुपारीसाठी, म्हणजे लग्न ठरवायच्या बैठकीसाठी, बुरणूस सांगितला. भाजीपाल्याचे बागायतदार, शब्दाचा पक्का माणूस. घराचा पुढचा सोपा बारा फूट बाय नऊ फूट, भिंतीपासून भिंतीपर्यंत भरला पाहिजे म्हणाले. लोकर पिंजून तयार होती, तेवढ्यात सासूबाईंना यवतला आजारी बहिणीकडे जावं लागलं. "मी आल्याबिगर मांडू नगा," असं बजावून गेल्या. मी मनात म्हटलं, हीच वेळ. त्या परत येतील तोवर बुरणूस तयार ठेवते, मग बघू कोण पाहुणी.

फूटपट्टी घेऊन मी अंगणभर रांगले. चुन्याची रेघ मारली, बारा बाय नऊ, कोपरे अगदी काटकोनात. नवरा म्हणाला, "अम्मा तर लय मोठं मांडती."

"अम्मा पावलानं मोजतात. पावलाचं काय खरं?"

बिचारा लोकर आणायला वळला. माझ्या सातवीपुढे त्याची चौथी काय बोलणार? सगळी लोकर मी त्या रेघेच्या आत बसवली आणि दोघांनी दिवसभर तुडवली.

संध्याकाळी उलगडलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. लोकर धरते म्हणजे आखडते, हे सातवीच्या पुस्तकात कुठे लिहिलेलं नव्हतं. पट्टी लावली. नऊ बाय पावणेसात. पुन्हा लावली, तेवढंच. मग आम्ही दोघांनी दोन टोकं धरून ओढून पाहिलं. नवरा उताणा पडला, पण बुरणूस तसूभर हलला नाही. विणलेलं निदान उसवता येतं. हे आता जन्मभर असंच राहणार होतं. आबांच्या बुरणसाची सगळी लोकर मी वाया घालवली होती, आणि आता मला पाहुणी म्हणूनही कुणी ठेवून घेणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. बुरणसाच्या कडेकडेने पावलं टाकत गेल्या, चुन्याची रेघ पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. आता त्या तोंड सोडणार, एवढ्यात अंगणाच्या दारात आबा उभे. मी घरात शिरून दाराआड झाले.

"भाबी, झाला का आमचा बुरणूस?"

"न्हाई जमला, आबा," सासूबाई म्हणाल्या. "माझं माप चुकलं."

"तुमचं? चाळीस वर्सांत कवा चुकलं न्हाई."

"वय झालं आता. भांडगावच्या धनगरांकडनं लोकर आणते. सुपारीच्या आत मिळंल तुम्हाला. आमची सून मांडंल."

आबा गेले. मी दाराआडून बाहेर येऊन रडायलाच लागले. शिव्या खायची तयारी केली होती, याची नव्हती.

"रडू नगंस," त्या म्हणाल्या. "तीन पावलाला एक पाऊल जादा धरायचं, ध्यानात ठेव. आन् ती पट्टी पेटीत टाक."

दुसरा बुरणूस मी मांडला. आबांच्या सोप्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत बसला. पण निमोण्यात पुढे कितीतरी वर्षं लोक सांगायचे, भाबींचं माप आयुष्यात एकदाच चुकलं. मी खरं सांगायला तोंड उघडलं की सासूबाई डोळे वटारायच्या. आता त्या नाहीत, म्हणून सांगते. ते माप माझं होतं.