साडेअकरा मिलिमीटरचे स्टेशन

प्रवासवर्णन लिहिण्याचा मला अधिकार आहे असे वाटत नाही, म्हणून आधीच क्षमा मागतो. मी फार फिरलेलो नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परभणीकडून कोल्हापूरला शिकायला येणे हाच तोवरचा माझा सर्वांत लांबचा प्रवास. शिवाय ज्या कामासाठी मी मालवणला गेलो, ते ऐकून वसतिगृहातली मुले हसली होती. पण ते तीन दिवस मी कुठे होतो हे निदान माझ्या गावच्या लोकांना कळावे, एवढ्यासाठी लिहितो.

छोट्या रेल्वेगाड्या बनवणाऱ्या हौशी लोकांचे एक मंडळ आहे. माझी त्यांची ओळख मोबाइलवरच झाली. वर्षातून एकदा ते कुठेतरी जमून प्रदर्शन भरवतात. प्रत्येक जण आपली एक फळी आणतो. तिच्यावर रूळ, स्टेशन, झाडे, एखादा पूल असे काहीबाही असते. सगळ्या फळ्या टोकाला टोक लावून जोडल्या की एक लांबच लांब रेल्वे तयार होते आणि एकाची गाडी दुसऱ्याच्या गावातून धावते. नव्या माणसाच्या फळीवरून दोन दिवस इतरांच्या गाड्या धावल्या, तरच त्याला मंडळात घ्यायचे, असा नियम. मला मंडळात जायचे होते. कोल्हापुरात दीड वर्ष काढूनही मनातले बोलावे असे कोणी मला भेटले नव्हते, आणि मनात तर बहुतेक वेळ रूळच असत.

माझ्या फळीवर आमच्या गावचा थांबा होता. मीटरगेज (दोन रुळांत एक मीटर अंतर) जाऊन रुंद ब्रॉडगेज आली तेव्हा तो बंद झाला. त्याचा फोटो कुणाकडेच नाही. वडिलांनी त्या जागी उभे राहून फोनवर मापे सांगितली, "फलाट चाळीस पावलं. कडुलिंबापासून नळ सहा पावलं." मागून आई म्हणाली, "सात. घागर घेऊन मी चालायचे, तुम्ही नाही." मी सात धरली.

एसटीत फळी मावेना. शेवटच्या बाकावर ती आडवी मांडीवर घेऊन बसलो. घाट उतरताना वळणावळणाला स्टेशनचे कौलारू छप्पर छातीशी धरावे लागले. खाली आल्यावर हवा दमट झाली आणि जांभ्या दगडाचे तांबडे गडगे (शेताभोवतीचे बांध) दिसू लागले. कणकवलीला गाडी बदलली. तिथल्या कंडक्टरने फळीवरचा कागद उचलून पाहिला.

"ह्या काय रे? गणपतीचा मखर?"

"स्टेशन आहे."

"खंयचा?" (कुठले?)

मी गावाचे नाव सांगितले.

"थंय गाडी थांबता?"

"आता नाही थांबत."

"मगे तू खंय उतारतलंस?" (मग तू कुठे उतरणार?)

सगळी गाडी हसली. मीही हसलो, पण जरा उशिराने.

प्रदर्शन मालवणजवळच्या एका गावात, चर्चच्या हॉलमध्ये होते. यजमान म्हणजे आग्नेल मास्तर, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. त्यांचे अर्धे नातेवाईक गोव्यात. माझी राहायची सोय त्यांच्याच घरी होती. त्यांची बहीण मारूबाय हिने रात्री सुंगटाची (कोळंबीची) आमटी आणि भात वाढला. मी ताटात चाचपडत होतो.

"काय शोधतंस रे?"

"काटा."

"सुंगटाक काटो!" ती पदराने डोळे पुसेपर्यंत हसली आणि भावाला म्हणाली, "ह्याका उद्या बांगडो घाल. शोध म्हणावा पोटभर."

सकाळी फळ्या जोडायला सुरुवात झाली. मंडळाचे प्रमुख पुण्याचे, सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांच्या खिशात एक छोटी पितळी पट्टी असते. तिच्या दोन खाचा दोन रुळांवर बरोबर बसल्या की फळी पास. माझ्या फळीवर ती बसेना. त्यांनी ती उलटी करून पाहिली, रुमालाने पुसून पाहिली.

"किती ठेवलंस रे अंतर?"

"साडेअकरा मिलिमीटर."

"साडेसोळा लागतं!"

"आमच्याकडे मीटरगेज होती, सर. एक मीटर भागिले सत्त्याऐंशी."

आमच्या या छंदात खऱ्या वस्तूचा सत्त्याऐंशीवा भाग करायचा असतो. इतर सगळे दुकानातले तयार रूळ आणतात. मला ते परवडणारे नव्हते, म्हणून मी पितळी तार आणि टोपलीच्या बांबूच्या कामट्या घेऊन स्वतः बसवले होते. नियमांच्या कागदावर "रूळ प्रमाणात असावेत" एवढेच होते. मी भागाकार केला. तीनदा केला. गाड्या इतरांच्या येणार आणि त्यांची चाके माझ्या रुळांवर चढणार नाहीत, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. माझ्याकडे स्वतःचे इंजिन नव्हते.

"चला, करून टाका ब्रॉडगेज," कोणीतरी म्हणाले. "म्हणजे थांबा पुन्हा बंद."

आबा हसले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शेजारी टेबल देतो. तिथे मांड."

त्या टेबलामागे मी दोन दिवस बसलो. समोरून गाड्या खडखडत जात. लोक तिकडे दाटी करत आणि जाता जाता माझ्यापाशी थबकत. बहुतेकांचा प्रश्न एकच असे, "गाडी खंय?" पहिल्या दिवशी मी मीटरगेज समजावून सांगत होतो. दुसऱ्या दिवशी नुसते "नाही" म्हणू लागलो. बाजारातून परतणारी एक मासेवाली टोपली बाहेर ठेवून आली आणि माझ्याजवळच्या खुर्चीवर टेकली. "बसतंय हय वायच," ती म्हणाली. "पाय दुखतत. गाडी इली की उठव." ती चांगला अर्धा तास बसली. त्या दोन दिवसांत माझ्या फलाटावर थांबलेली ती एकटीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर डोळ्यांना भिंग लावून माझ्या रुळांवर वाकले.

"खरा सांगू? आमचेच रूळ खोटे," ते म्हणाले. "आपली ब्रॉडगेज सत्त्याऐंशीने भागलंस तर एकोणीसच्या वर जाता. दुकानात साडेसोळाच मिळतत, म्हणून सगळे साडेसोळा. ह्या हॉलात बरोबर तू एकटो."

मी म्हणालो, "पण गाडी नाही, मास्तर."

"ता खरा," ते म्हणाले आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले.

संध्याकाळी सगळे गाड्या पेटीत भरू लागले. कोणाचे कोणाला तार गुंडाळून देणे चालले होते, पुढच्या वेळचे बेत चालले होते. मी किनाऱ्यावर गेलो. समुद्र मी प्रथमच पाहत होतो. कोणाला तरी सांगावे म्हणून फोन काढला. थांब्याच्या जागेवर रेंज येते, पण घरी नसते, आणि कॉलेजातल्या कोणाला काय सांगणार? होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या होत्या. पाणी पायाशी येऊन परत जात होते. अंधार पडायच्या आत मी मागे फिरलो.

निघताना मारूबायने खटखटे लाडू (शेवेचे गुळातले कडक लाडू) बांधून दिले. मास्तर एसटीपर्यंत आले. "मंडळी बसून ठरवतली," ते म्हणाले. "कळवतंय मी." येताना जेवढी जपली होती तेवढीच फळी जाताना जपली. घाट चढताना वाटले, माझे गणित चुकले नव्हते. चुकले ते एवढेच, की इतर लोक काय धरून चालतात हे मी कोणाला विचारले नाही. कॉलेजातही माझे असेच होते. विचारायला आधी कोणी ओळखीचे लागते, आणि ओळख व्हायला काहीतरी विचारावे लागते.

फळी खाटेखाली गेली. परीक्षा झाली, सुट्टी झाली. मंडळाकडून काही आले नाही, आणि मीही विचारले नाही.

परवा मास्तरांचा निरोप आला. लिहिताना ते शाळेतली मराठी लिहितात, म्हणून इथे आहे तसाच उतरवतो:

"मंडळाची बैठक झाली. नियमाप्रमाणे तुला या वर्षी घेता येत नाही. मी बोलून पाहिले, पण एकटा पडलो. मी साडेअकरा मिलिमीटरची नवी फळी करायला घेतली आहे. रूळ तुझ्यासारखे हातानेच बसवतो आहे, फार वेळ लागतो. तिला जोडता येईल अशी फळी माझ्या माहितीत एकच आहे. तिच्या टोकाशी रूळ फळीच्या तळापासून किती उंच आहेत, ते मोजून कळव, म्हणजे जोडताना टोके जुळतील."