आतली घडी

नव्वदच्या दशकात सुरतेतली आमची सॉफ्टवेअर कंपनी म्हणजे साड्यांच्या गोदामावरची एक एसी बसवलेली खोली. कॉम्प्युटरला धूळ लागू नये म्हणून शेठ आम्हाला चपला बाहेर काढायला लावायचा. आत मात्र सगळा कारभार उघड्यावर.

आम्ही मजकूर गुप्त ठेवणारी एक लायब्ररी बनवत होतो. पासवर्ड ज्या मेमरीत ठेवायचा ती कुलूपबंद हवी, म्हणजे ताण आल्यावर मशीन मेमरीतलं सामान डिस्कवर हलवतं तेव्हाही त्यातलं अक्षर डिस्कवर उतरता कामा नये. ते तपासणं माझं काम. शेठने स्वतः लिहिलेली टेस्ट काय करायची, तर मेमरी मागायची आणि मिळाली की ‘पास’ छापायची. कुलूप लागलं का, हे विचारायचीच नाही. आणि या अकलेवर गडी भिंतीला तीन सर्टिफिकेटं टांगून बसलेला.

शिवाय सगळं चालवायचं ते रूटने, म्हणजे मशीनच्या मालकाच्या नावाने. एक दिवस मी साध्या युजरने लॉगिन केलं, पासवर्ड दिला, मोठमोठे प्रोग्राम उघडून मशीनला दमवलं आणि डिस्क धुंडाळली. पासवर्ड तिथे जसाच्या तसा पडलेला. साध्या युजरला मशीन कुलूप लावूच देत नव्हतं, आणि आमची लायब्ररी तो नकार मुकाट गिळून साधी मेमरी देत होती. ग्राहकाकडे तर सगळे साधेच युजर असणार.

मी शेठला हे सगळं सांगितलं आणि सापडलेला पासवर्ड छापलेला कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने पाहिलाही नाही.

“साध्या युजरने चालवायला तुला कोणी सांगितलं? रूटथी पास थाय छे ने? ‘पास’च्या रिपोर्टवर सही कर. तुला कायम केल्याचं पत्र तयार आहे.”

गाढव, दीडशहाणा, तोंडाला येईल ते त्याला मनातल्या मनात म्हणून घेतलं. मग पेन काढून सही केली.

सुरतेतल्याच डिंडोलीला घरी वडिलांनी, आबांनी, ते पत्र दोनदा हातात घेऊन पाहिलं. आबा लूमच्या कारखान्यात कापड तपासायचे. वरची घडी बघून ताका पास करणाऱ्याला ते माणसात धरत नसत. एकदा मालकाच्या मेहुण्याचा ताका त्यांनी परत फेकला, त्यापायी महिनाभर घरी बसले, पण बधले नाहीत.

तू तिथे नेमकं काय करतोस, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुमच्यासारखंच, माल तपासतो.

“मझारली घडी देखी का? आतली?”

“देखी, आबा.”

माझी मलाच किळस आली. आबा उठून दारात गेले आणि शेजाऱ्याला हाक मारून सांगू लागले, पोरगा माझ्यावर गेलाय म्हणून.