बाकावरच्या पाहुण्यांचं पाणी

तापीकाठच्या जुन्या नाक्यावर पूर्वी जहाजातून उतरलेल्या परक्या माणसांना बसवून ठेवत आणि चौकशी झाल्यावरच शहरात सोडत. आता तिथे संग्रहालय आहे. भिंतीवर अधिकाऱ्यांची नावं कोरली आहेत. बसवून ठेवलेल्यांपैकी एकाचंही नाही. मी चिडून तेच बघत होतो, तेवढ्यात लिंबायतहून, सुरतेतल्या खानदेशी वस्तीतून, आलेल्या बायकांच्या घोळक्यातून एक म्हातारी पुढे झाली.

समोर बाकावर गाठोडी घेऊन बसलेल्या माणसांचे पुतळे होते. म्हातारीने पिशवीतून पाण्याचा तांब्या काढला आणि गुळाच्या खड्यासह त्यांच्यापुढे ठेवला.

"माय, आते त्यास्ले भाकर बी वाढ!" बरोबरची एक बाई हसली.

पहारेकरी धावत आला. "माजी, आ तो पूतळां छे! पानी मना है. कॅमेरे में दिखेगा, मेरी नौकरी जाएगी."

"माले दिखस, भाऊ. पन दारशी पाव्हना बठेल शेतस ना?" ती म्हणाली. "आमी सुरतले उनूत, तवय दिवसभर टेसनवर बठेल व्हतूत. कोनी पानी इचारं नई. यास्नं व्हऊ दे, मंग उचलसू."

मोर्चांमध्ये मी मोठमोठ्या घोषणा दिल्या आहेत. त्या खोलीत मात्र मी हळूच बाकासमोरून बाजूला झालो. पाहुणे जेवत असताना घरची बाई उभी राहते, तशी ती पदर सावरून बाकाशेजारी उभी होती.

पहारेकऱ्याने छताकडे पाहिलं. मग तो कॅमेरा आणि तांब्या यांच्या मधोमध येऊन उभा राहिला.