ताईंची पांढरी लाट

लातूरला आमच्या नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. अशा गावात बसून मी समुद्र रंगवायला लागले तेव्हा ऑफिसातल्या बायका हसल्या, घरचे हसले. एकट्या ताई हसल्या नाहीत.

ताई म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी साडीचं दुकान आहे, त्यांच्या घरच्या. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठ्या. लग्नाआधी सोलापूरला चित्रकला शिकलेल्या, मग संसारात सगळं राहून गेलं आणि लेकरं पुण्याला गेल्यावर त्यांनी पुन्हा रंगपेटी काढली. मी तहसीलमध्ये कारकून. एकदा दुकानात साडी बघता बघता मी म्हणाले, मला लहानपणी चित्रांचा लई नाद होता. "मग ये की रविवारी," त्या म्हणाल्या. त्या रविवारपासून तीन वर्षं माझी त्यांच्या गच्चीवरची सकाळ चुकली नाही.

त्यांनी मला हात राखून शिकवलं, असं कोणी तेव्हा म्हणालं असतं तर मी भांडले असते. आकाश कसं करायचं ते त्यांनीच शिकवलं. बोर्डाखाली अर्धी वीट ठेवायची, कागद आधी नुसत्या पाण्यानं ओला करायचा, मग वरून निळा सोडायचा आणि त्याला आपोआप खाली उतरू द्यायचं. लांबची झाडं निळसर आणि फिकी, जवळची गडद. आपली काळी माती काळ्या रंगानं करायची नाही, तपकिरीत निळा मिसळायचा, म्हणजे ती ओली वाटते. स्वतःचा चांगला ब्रश त्यांनी मला देऊन टाकला. दर रविवारी धपाटे आणि दही असायचंच. मी काढलेलं तुरीचं शेत त्यांनी फ्रेम करून दुकानात गल्ल्यामागं लावलं होतं. आलेल्या गिऱ्हाइकाला दाखवायच्या, "आमच्या हिनं काढलंय."

अडायचं ते समुद्रापाशी.

आम्ही दोघी आपापल्या घरच्यांसोबत एकदा कोकणात जाऊन आलो होतो. तेव्हापासून माझ्या डोक्यात फुटणारी लाट बसली होती. ताईंच्या चित्रात ती लाट अशी फुटायची की बघणाऱ्यानं पाय मागं घ्यावा. फेस पांढराशुभ्र, त्याचे थेंब उडालेले, आणि भोवती गडद हिरवं पाणी. माझ्या चित्रात मात्र धुणं धुतलेलं पाणी दिसायचं. पांढरा पोस्टर रंग वरून लावला तर ज्वारीचं पीठ सांडल्यासारखं व्हायचं.

"पांढरं लावायचं नसतं गं," ताई म्हणायच्या. "कागद राखायचा असतो. फेस म्हणजे कोरा कागद."

"पण एवढे बारके थेंब कसे राखायचे, ताई? ब्रश जातोच त्यांच्यावरून."

"सवयीनं जमतं. हात वळावा लागतो."

"मग एकदा माझ्यासमोर काढा ना."

"न्हाई बाई. लाट म्या एकटीच काढते. कोणी बघून राहिलं की हात थरथरतो."

मला ते पटलं. पुढच्या रविवारी त्या पूर्ण झालेलं चित्र आणून दाखवायच्या आणि मी तासभर त्याच्याकडे बघत बसायचे. एक-दोनदा त्यांच्या आतल्या खोलीत उग्र वास आला होता, नाकात झिणझिण्या आणणारा. "मोरी धुतलीय," त्या म्हणाल्या होत्या.

मोबाइलवर शिकायचे व्हिडिओ ढिगानं असतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ताई म्हणाल्या होत्या, "ते बघू नकोस, हात बिघडतो." मी नाही बघितले. दहाव्या-बाराव्या वेळी माझी लाट गढूळ झाली तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "नळाला पाणी न्हाई तिथं कागदावर कुठून येईल? तुझा हात कोरडवाहू हाय. तू आपली शेतंच कर." त्यांच्यासोबत मीही हसले. घरी येऊन सगळे समुद्र फाडले आणि पुढचं वर्षभर नुसती शेतं, बाभळी आणि मांजरा नदीचं आटलेलं पात्र काढत राहिले. समुद्र आपल्यातच नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

गेल्या हिवाळ्यात नांदेडला हौशी चित्रकारांचं प्रदर्शन होतं. एका शाळेचा हॉल होता. ताईंचे चार समुद्र लागले, माझी दोन शेतं. दुपारी मुखेडहून आलेल्या एक चित्रकलेच्या शिक्षिका ताईंच्या चित्रासमोर बराच वेळ थांबल्या. त्यांनी वाकून बघितलं आणि सहज विचारलं, "मास्किंगचं लिक्विड कुठलं वापरता हो? माझ्याजवळचं कागद फाडतं."

मी ताईंच्या शेजारीच उभी होते. ताईंनी आधी माझ्याकडे बघितलं. मग बाईंकडे वळून म्हणाल्या, "ते काय असतं?"

बाई गोंधळल्या. "नाही, मला वाटलं..." म्हणत पुढं गेल्या. ताई पाणी प्यायला गेल्या तेव्हा मी हॉलच्या दारात त्या बाईंना गाठलं. त्यांनी साधेपणानं सगळं सांगितलं. बाटलीत पातळ रबर असतं. जिथं पांढरं हवं तिथं ते आधी लावायचं, वाळू द्यायचं, वरून खुशाल रंग द्यायचा आणि शेवटी बोटानं चोळून काढायचं. खालचा कागद कोरा राहतो.

"वास येतो का त्याला?" मी विचारलं.

"लई उग्र. डोळ्यांत पाणी येतं."

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. लोह्याचा स्टँड मागं पडला. अहमदपूरच्या अलीकडे ताईच म्हणाल्या, "त्या बाईशी काय बोलत होतीस?"

"मोरी धुण्याबद्दल," मी म्हणाले.

त्या खिडकीकडं बघत म्हणाल्या, "सांगणारच होते तुला."

"तीन वर्षांत?"

"तू लई भरभर शिकून राहिली होतीस. आकाश शिकवलं, महिन्यात माझ्याहून चांगलं केलंस. झाडं तर तुझीच चांगली. लोक दुकानात येऊन तुझ्या शेताला बघायचे." त्यांचा आवाज बारीक झाला. "माझ्याजवळ एवढी लाटच होती. ती बी दिली असती तर मला कोणी काय म्हणून बघितलं असतं?"

"नसती द्यायची. 'न्हाई सांगत' म्हणायचं होतं. पण माझ्या हातातच न्हाई, असं कशाला सांगितलंत? म्या ते खरं मानलं, ताई."

लातूर येईपर्यंत आम्ही दोघी पुढच्या सीटच्या दांडीला धरून बसलो होतो.

आठवड्यानं मी बाटली मागवली. जेवणाच्या टेबलावर बसून लाट केली, वाळल्यावर रबर चोळून काढलं आणि खाली पांढराशुभ्र फेस निघाला. अर्धा-पाऊण तास लागला असेल. मला वाटलं होतं आनंद होईल. झालं ते असं की, फाडलेले सगळे समुद्र एकेक करून आठवले. अवघड असतं तर ताईंना मी माफ केलं असतं. इतकं सोपं होतं!

आता मला ताईंच्या फेसाच्या कडा कात्रीनं कापल्यासारख्या दिसतात. खऱ्या लाटेला अशी कड नसते. त्या खरंच तशा आहेत की माझ्या डोळ्यांत राग आहे, ते मला ठरवता येत नाही. म्हणून मी बाटली कमी वापरते. अर्धवट कोरडा ब्रश खरखरीत कागदावरून आडवा ओढला की मधेमधे पांढरं आपोआप सुटतं. ते मला आवडतं, आणि ते मी माझं मी शोधलंय. दहातलं एखादं जमतं.

बोलणं बंद नाही. दुकानावरून जाताना त्या विचारतात, "बरी हायस ना?" मी "हाव" म्हणते. माझं तुरीचं शेत अजून गल्ल्यामागं आहे. ते काढा असं मी म्हणाले नाही, आणि त्यांनीही काढलं नाही. संक्रांतीनंतर एकदा त्यांचा फोन आला. "येतीस का रविवारी? धपाटे करते."

"पाहुणे हायत," मी म्हणाले.

पाहुणे कोणी नव्हते. मी दिवसभर स्वयंपाकघर आवरत राहिले आणि त्या रविवारी ब्रशला हात लावला नाही.