तिसरी चिठ्ठी माझी

“दुसऱ्याची संडास माझ्या आईच्या पोटात घालायची? म्याडम, तुमचं डोकं ठिकाणावर हाय का?”

प्रकाश खुर्ची मागं ढकलून उभाच राहिला. त्याचे वडील रामजीबाबा पागोटं मांडीवर घेऊन बसले होते. बाहेर बाकावर त्याची आई शेवंताबाई भिंतीला टेकलेली. दिवसातून दहा-बारा जुलाब. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. बाई हातातून चालली होती, आणि ते आम्हा तिघांनाही कळत होतं.

वसमतला मी फिजिशियन आहे. चिडायला मला वेळ लागत नाही. पण त्या दिवशी चिडायला तोंड नव्हतं.

आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. बहुतेक कामाचे. अन्न पचवायला मदत करतात, वाईट जंतूंना जागा मिळू देत नाहीत. अँटिबायोटिकनं आजाराचे जंतू मरतात, सोबत हेही मरतात. शेवंताबाईंना आधी नुसता खोकला होता. वारंगा फाट्यावर औषधाच्या दुकानातून, डॉक्टरला न दाखवताच, अँटिबायोटिकचा एक कोर्स घेतला. मग दुसऱ्या डॉक्टरांनी दुसरा दिला. जुलाब लागल्यावर त्या माझ्याकडे आल्या, आणि मी स्टूल टेस्ट न करताच तिसरं अँटिबायोटिक लिहिलं. ओपीडीत गर्दी होती, म्हणून. रिकाम्या आतड्यात एक चिवट जंतू माजला. त्याच्यावरचं औषध दिलं की जुलाब थांबायचे, औषध संपलं की आठवड्यात पुन्हा सुरू. असं तीनदा झालं.

आता उपाय एकच उरला होता. निरोगी माणसाची विष्ठा तपासतात, गाळतात आणि दुर्बिणीच्या नळीनं पेशंटच्या आतड्यात सोडतात. म्हणजे चांगले जिवाणू पुन्हा वस्ती करतात. हैदराबादला सोय होती.

“तांड्यावर कळलं तर तोंड दाखवायची सोय न्हाई,” प्रकाश म्हणाला. “अजून एक सलाईन लावा.”

“अरे बाबा, सलाईननं जिवाणू उगवत नसतात!”

तेव्हा रामजीबाबा पुढं सरकले. तांड्यावर बैलांचं दुखणं आजही त्यांनाच विचारतात.

“म्याडम, बैलानं रवंथ सोडला की आमी काय करतो? चांगल्या बैलाच्या तोंडातला रवंथ काढून दुखऱ्याच्या तोंडात घालतो. मग त्यो चारा खाया लागतो. हे तसंच व्हय का?”

अर्धा तास घसा कोरडा करून मला जे जमलं नव्हतं, ते या माणसानं दोन वाक्यांत सांगितलं.

“बराबर तसंच, बाबा.”

“मग तू काहून लाजून राहिला रे?” ते लेकाकडे वळले. “बैलाला चालतं अन् मायला न्हाई? तुजी दुपटी कोणी धुतली?”

प्रकाश खाली बसला. मान खाली घालून म्हणाला, “माजी चालंल का?”

हैदराबादला त्याच्या तपासण्या झाल्या, त्याचीच चालली.

दहा-बारा दिवसांनी हैदराबादहून फोन आला. रामजीबाबाच होते. “म्याडम, भाकर खाऊन राहिली. वरून ठेचा मागून राहिली!”

“ठेचा नका देऊ इतक्यात!” मी ओरडले, आणि फोन ठेवून चक्क रडले.

शेवंताबाईंच्या फाईलमधली तिसऱ्या अँटिबायोटिकची, माझ्या हातची चिठ्ठी मी मागून घेतली. ती माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. हे काय, असं पेशंट विचारतात. माझी चूक आहे, असं सांगते, आणि आधी टेस्ट लिहून देते.